धावणाऱ्याच्या वाटेवरचे पाणी

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पहाटे तीन वाजता मरोळ झोपलेले असते. एमआयडीसीतली रात्रपाळी सुटायला अजून अवकाश असतो आणि मरोळ-मरोशी रोडवर दुधाची एखादी गाडी तेवढी फिरत असते. अशा वेळी पाईपलाईनच्या, चिमटपाड्याच्या किंवा भवानीनगरच्या गल्लीतून कोणी हाफ पँट घातलेला इसम बाहेर पडतो. छातीवर चार पिनांनी लावलेला नंबर, हातात केळे आणि पाण्याची बाटली. कुत्रे त्याच्यावर भुंकतात आणि रिक्षावाला त्याच्याकडे संशयाने पाहतो. हा माणूस अंधेरी स्टेशनला जाऊन जादा लोकल पकडणार असतो, कारण त्या एका पहाटे रेल्वे मुंबई मॅरेथॉनसाठी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेरच्या गाड्या सोडते. आता मरोळ नाक्याहून मेट्रो-३ थेट सीएसएमटीला जाते खरी, पण तिची रोजची पहिली गाडी या माणसाला उशिराची.

आपल्याकडे मॅरेथॉन म्हटले की पुष्कळजण नाक मुरडतात. सिनेनट, मोठ्या कंपन्यांचे साहेब आणि त्यांच्या मागे कॅमेरे, एवढेच टीव्हीवर दिसते. ते अगदी खोटे आहे असेही नाही. 'ड्रीम रन' नावाची जी सुमारे ६ किलोमीटरची दौड असते, तिच्यात धावणे कमी आणि फलक मिरवणे जास्त असते. पण त्याच सकाळी, कॅमेरे पोचण्याआधी अंधारात सुटलेली हजारो माणसे पूर्ण ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर किंवा त्याच्या निम्मे अंतर धावत असतात. त्यांत बँकेतला शिपाई असतो, पोलीस असतो, शिक्षिका असते, सुरक्षा रक्षक असतो. टीव्हीवर ते दिसत नाहीत. हा लेख त्यांच्याविषयी आहे, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त त्यांना वाटेत पाणी देणाऱ्या व्यवस्थेविषयी.

सकाळ कशी जाते

मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिल्यांदा झाली. पुढच्या वर्षापासून ती जानेवारीत होऊ लागली, कारण मुंबईला थंडी म्हणावी अशी हवा काय ती तेव्हाच असते. प्रारंभी तिला स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचे नाव होते, २०१८ पासून टाटांचे आहे. कोरोनामुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे ती झाली नाही.

धावणाऱ्याचा अनुभव स्पर्धेच्या काही दिवस आधीच सुरू होतो. बीकेसीत जाऊन आपला नंबर घ्यायचा. त्या नंबरात एक बारीक चिप असते. रस्त्यावर टाकलेल्या चटईवरून पाय गेला की तिची नोंद होते, म्हणून मागे उभे राहिल्याने कोणाचे नुकसान होत नाही. आपली वेळ आपण रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते. नंबराच्या पाठीमागे कोरी जागा असते. तिथे रक्तगट, असलेला आजार आणि घरच्यांचा फोन लिहायचा असतो. पुष्कळजण ती जागा कोरीच ठेवतात. तो आळस महागात पडू शकतो.

पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीसमोरून हौशी धावपटू सुटतात. आपापल्या वेगाप्रमाणे गट पाडलेले असतात, त्यामुळे चेंगराचेंगरी होत नाही. अंधारात हजारो बुटांचा एकच आवाज येतो, पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा. पहिली काही मैल माणूस हवेत असतो. इतक्या लोकांबरोबर पळताना आपण नेहमीपेक्षा भरभर चाललो आहोत हे लक्षात येत नाही, आणि नवख्यांची पहिली चूक इथेच होते. धावून आलेले जुने लोक एकच गोष्ट परत परत सांगतात की, पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जो आपल्याला मागे टाकून जातो त्याला जाऊ द्यावे; तो पुढे कुठेतरी चालताना भेटतो.

मार्गात थोडाफार बदल होत आला आहे. पण बरीच वर्षे तो मरीन ड्राइव्हवरून पेडर रोड, हाजी अली, वरळी, तिथून सागरी सेतू, मग माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी आणि त्याच रस्त्याने परत, असा राहिला. यातला सागरी सेतू हा भाग धावणारे वर्षभर आठवत राहतात. २००९ साली सुरू झालेल्या या पुलावर पायी जायला मनाई, सायकलला मनाई, मोटारसायकलला आणि रिक्षालाही मनाई. ज्याच्याकडे चारचाकी नाही त्याला आपल्याच शहरातला हा पूल लांबून पाहायचा. वर्षातली ही एक सकाळ अशी की, त्याच्यावर माणसे आपल्या पायांनी जातात. खाली समुद्र, समोर उजाडत असलेले, बाजूने गाडी नाही, हॉर्न नाही. पुष्कळजण वेळेची पर्वा न करता तिथे थांबून फोटो काढतात, आणि आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही.

उजाडल्यावर खरी परीक्षा. जानेवारी असला तरी मुंबईची दमट हवा सोडत नाही. सकाळी आठनंतर ऊन चढते, बनियन अंगाला चिकटते, घामाचे मीठ भुवयांवर सुकते. साधारण ३० किलोमीटरच्या पुढे स्नायूंत साठवलेली साखर संपत येते. धावणारे याला 'भिंत लागणे' म्हणतात. पाय आपले वाटत नाहीत, साधी बेरीज डोक्यात होत नाही, आणि रडू का येते आहे ते कळत नाही. नेमक्या अशाच वेळी, ३५ किलोमीटरच्या पलीकडे, परतीचा पेडर रोडचा चढ येत असे. बेस्टच्या बसमध्ये बसून जाणाऱ्याला तो चढ कधी जाणवत नाही. पायी आलेल्याला तो डोंगर वाटतो.

आणि इथेच लोक उभे असतात. संत्र्याच्या सोललेल्या फोडी, चिक्की, बिस्किटे, गुळाचे खडे, मीठ, बर्फाचे तुकडे. इमारतीतल्या आज्या खुर्च्या टाकून टाळ्या वाजवतात, लहान मुले हात पुढे करतात, कोणी ताशा वाजवतो. कोणाला कोणाचे नाव माहीत नसते, जात माहीत नसते. छातीवर नंबराखाली जे नाव छापलेले असते ते वाचून अनोळखी माणूस हाक मारतो, 'चला, थोडेच राहिले!' थोडे राहिलेले नसते. पण धावणारे सांगतात की त्या खोट्या बोलण्याने पाय उचलला जातो.

टेबलामागची माणसे

या स्पर्धेला नीट आखलेली स्पर्धा का म्हणतात? पदक मिळते, टी-शर्ट मिळतो म्हणून नव्हे. दर दोन-अडीच किलोमीटरला पाण्याचे टेबल असते म्हणून. पाणी मागावे लागत नाही. हात पुढे केला की मिळते. मध्येच ओला स्पंज मिळतो, तो मानेवर पिळायचा. ठिकठिकाणी डॉक्टर, रुग्णवाहिका, पाय आखडल्यास फवारा मारणारे स्वयंसेवक. रस्ता बंद केलेला, चौकाचौकांत पोलीस. फिरती शौचालये, जी बायकांना सर्वात आधी आठवतात आणि संयोजकांना सहसा सर्वात शेवटी. शिवाय शेवटच्या माणसासाठीही एक ठरलेली मुदत, पूर्ण मॅरेथॉनला सुमारे सात तास. त्यानंतर रस्ता वाहतुकीला खुला होतो, आणि मागे राहिलेल्याला नेण्यासाठी बस असते.

हे सगळे कोण करते? बहुतेक महाविद्यालयातली मुले-मुली. ती पहाटे तीनपासून उभी असतात. त्यांच्या वाट्याला पदक नाही. आपल्या वाचकांना या कामाची कल्पना वेगळी द्यायला नको. शिवाजी पार्कच्या ज्या रस्त्यावरून ही स्पर्धा जाते, तिथे ६ डिसेंबरला पाण्याचे आणि जेवणाचे स्टॉल लावणाऱ्यांना माहीत आहे की, हजारो लोकांना पाणी द्यायचे म्हणजे ड्रम भरून ठेवले की संपले असे नसते. पेले किती, ते वाढायला हात किती, रांग कोणत्या बाजूने, सांडलेल्या पाण्यात कोणी घसरला तर काय, संध्याकाळी कचरा कोणी उचलायचा, हा सगळा हिशेब आधी करावा लागतो.

धावण्याची गरज कोणाला

मॅरेथॉन हा श्रीमंतांचा नाद आहे असे म्हणणाऱ्यांनी तिचा आपल्याकडचा इतिहास पाहावा. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शर्यती झाल्या. गावाकडची शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावली, आणि सर दोराबजी टाटांनी त्यांच्या वेळा पाहून ठरवले की ही मुले ऑलिंपिकला गेली पाहिजेत. त्यातून १९२० साली अँटवर्पला भारताचा पहिला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटर होता, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. चौगुल्यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरा केला आणि १९ वा क्रमांक मिळवला. पहिल्यांदाच बोटीने परदेशी गेलेला बेळगावचा हा माणूस जगातल्या पहिल्या वीसांत आला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती.

अलीकडचे पाहायचे तर ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मोही हे तिचे गाव. माण म्हणजे दुष्काळ, हे महाराष्ट्रात सांगावे लागत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या या मुलीने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला. पुढे ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. त्याआधी ट्रॅकवरची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठलेली भारतीय स्त्री म्हणजे १९८४ ची पी. टी. उषा. परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबईत भारतीय महिलांत पहिली आली. अशा मुलींना ही स्पर्धा म्हणजे छंद नसतो. बक्षिसाची रक्कम घरात लागते, आणि मिळालेल्या नावावर नोकरी मिळू शकते.

परदेशातून येणारे धावपटूही काही सगळेच सुखवस्तू नसतात. २०२० साली इथिओपियाचा डेरारा हुरिसा मुंबईत आला तेव्हा प्रवासात त्याचे बूट हरवले. बरोबरच्या देशबांधवाचे बूट मागून घेऊन तो धावला आणि २ तास ८ मिनिटे ९ सेकंदांत पहिला आला. तोपर्यंत मुंबईच्या मार्गावर एवढ्या वेगात कोणी धावले नव्हते. (२०२३ साली त्याच्याच देशाच्या हायले लेमीने तो विक्रम २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांवर आणला.) दुसऱ्याचा बूट पायाला लागला तर काय होते ते आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी अनुभवले आहे. हा त्यात ४२ किलोमीटर धावला.

आणि बारामतीजवळच्या लता करे. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी ३ किलोमीटरची दौड होती. साठी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, बक्षीस मिळाले तर ते होतील, एवढाच हिशेब. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच स्वतःची भूमिका केली. सगळ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या जिद्दीचे कौतुक केले. ते योग्यच होते. पण साठीच्या बाईला नवऱ्याच्या औषधासाठी धावावे लागते, याचे कौतुक किती करायचे आणि लाज किती वाटून घ्यायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

लताबाईंच्या गोष्टीत एक धोका दडलेला आहे. हौशी माणूस दमला तर थांबतो. ज्याला पैशाची किंवा नोकरीची गरज आहे तो थांबत नाही. त्याच्या वाटेवर पाणी आणि डॉक्टर असणे हौशी माणसापेक्षा जास्त जरुरीचे आहे.

पाणी नसते तेव्हा

१९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला ऑलिंपिक झाले. तिथल्या मॅरेथॉनच्या संयोजकाला पाण्यावाचून शरीराचे काय होते हे पाहण्याची हौस होती. म्हणून ऑगस्टच्या दुपारी, धुळीच्या रस्त्यावर, चाळीस किलोमीटरच्या वाटेत जेमतेम एक-दोन ठिकाणी पाणी ठेवले. पुढे मोटारी चालल्या होत्या, त्यांची धूळ धावणाऱ्यांच्या घशात जात होती. ३२ जण धावायला लागले, १४ जण पोचले. एकजण पोटात रक्तस्राव होऊन रस्त्याकडेला पडला, तो मरता मरता वाचला. क्यूबाहून आलेला एक पोस्टमन, फेलिक्स कार्वाहाल, रोजच्या कपड्यांची पँट गुडघ्यापर्यंत कापून धावला आणि चौथा आला. दक्षिण आफ्रिकेचे दोन काळे धावपटूही त्यात होते, लेन टाउनयाने आणि यान माशियानी. आफ्रिकेतले पहिले काळे ऑलिंपिक धावपटू म्हणून त्यांची नोंद आहे. टाउनयानेच्या मागे कुत्रा लागला, तरी तो नववा आला.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०१६ चे रिओ आठवते. केरळची ओ. पी. जैशा तिथे मॅरेथॉन धावली. आदल्या वर्षीच तिने २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंदांचा भारतीय विक्रम केला होता. रिओच्या उन्हात तिला २ तास ४७ मिनिटे लागली, आणि रेषा ओलांडताच ती कोसळली. देशाच्या नावाच्या टेबलांवर पेय द्यायला आपल्याकडचे कोणीच नव्हते, असे तिने नंतर सांगितले. ॲथलेटिक्स महासंघाने ते नाकारले; पेय हवे का असे विचारले होते आणि नको असे उत्तर मिळाले होते, असा त्यांचा खुलासा. दोन्ही बाजू आपल्यासमोर आहेत. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की, ४२ किलोमीटर धावणाऱ्या बाईला पाणी हवे की नको हा प्रश्न विचारायचा असतो का? टेबल लावून ठेवायचे असते. घ्यायचे की नाही ते ती ठरवील.

मरोळचे मैदान

आता आपल्या दाराशी येऊ. मरोळला पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे, मैदान आहे, भरतीच्या चाचण्या या मैदानानेही पाहिल्या आहेत. त्या दिवसांत धुळे, नांदेड, बीड, बुलढाणा इकडून आलेली मुले-मुली पाठीवर सॅक घेऊन नाक्यावर पत्ता विचारताना दिसतात. आपल्या वस्त्यांतली मुलेही वर्षभर याच भरतीसाठी पहाटे धावतात. खरे तर मरोळमध्ये मॅरेथॉनसाठी धावणाऱ्यांपेक्षा भरतीसाठी धावणारेच जास्त.

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना ५ किलोमीटर धावायचे होते. थोड्या दिवसांच्या अंतराने किमान चार तरुण या धावण्यात कोसळून मरण पावले. विशीतली मुले. जूनचा उकाडा, रात्रीचा प्रवास, फुटपाथवरची झोप, पोटात काही नाही, अशा स्थितीत पुष्कळ उमेदवार त्या रस्त्यावर उतरले होते. त्यांच्यासमोर एकच संधी होती. जो थांबला त्याची नोकरी गेली, म्हणून कोणी थांबायला तयार नव्हता.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. जानेवारीच्या पहाटे पन्नाशीतला, पोट सुटलेला बँकेतला माणूस ४२ किलोमीटर धावून घरी येऊन पोहे खातो. जूनमध्ये पंचविशीतला धडधाकट शेतकऱ्याचा मुलगा ५ किलोमीटरात जातो. फरक शरीरात आहे असे कोणी म्हणेल का? फरक वेळ निवडण्यात आहे, सावलीत आहे, पाण्यात आहे, डॉक्टर किती पावलांवर उभा आहे यात आहे. आणि थांबलो तरी उद्या पुन्हा येता येईल या मोकळिकीत आहे.

न्यायाने सांगायचे तर उत्तम आखलेल्या स्पर्धेतही माणसे जातात. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०२० साली एका ज्येष्ठ स्पर्धकाचा आणि २०२४ साली दोघांचा मृत्यू झाला. हृदयाचा छुपा दोष पाण्याच्या टेबलाने बरा होत नाही. पण अशी घटना घडल्यावर तिथे मिनिटांत वैद्यकीय मदत पोचते, आणि पुष्कळांचे प्राण त्यामुळे वाचतात.

२०१४ नंतर भरतीच्या धावण्यात बदल झाले. आज शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावायचे असते. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आणि ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत पुरे केले तर २० पैकी २० गुण. अलीकडे वेळ मोजायला मॅरेथॉनसारखी चिपही आली आहे. ही चांगली गोष्ट आहे. घड्याळ धरणाऱ्याच्या मर्जीवर कोणाचे नशीब राहत नाही. चिप आली, निवाऱ्याचे काय? जून २०२४ च्या भरतीच्या वेळीही बाहेरगावची मुले पावसात पुलाखाली, फुटपाथवर झोपल्याच्या बातम्या आल्या. ज्या शहराला एका रविवारी हजारो धावणाऱ्यांसाठी पहाटे तीनला लोकल सोडता येते, फिरती शौचालये उभी करता येतात, त्याला भरतीच्या मुलांसाठी शाळांचे हॉल उघडता येणार नाहीत, हे पटत नाही. आपल्या मंडळांनी, विहारांनी भरतीच्या काळात रात्रीपुरती जागा दिली तर ती दोन-चार गावांची पोरे कोरडी झोपतील. पण ते सरकारचे काम आहे, आणि ते मागितले पाहिजे, लेखी मागितले पाहिजे.

घरच्यांनी काय पाहावे

मॅरेथॉनची फी आता दोन हजारांच्या पुढे गेली आहे, चांगल्या बुटांना तीन-चार हजार पडतात, शिवाय पूर्ण मॅरेथॉनला आधीच्या स्पर्धेच्या वेळेचा दाखला लागतो. तेव्हा लगेच नाव घालायला निघू नये. पण धावायला फी लागत नाही. मरोळवाल्यांना आरे कॉलनी जवळ आहे. तिथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय आणि एकट्याने जाऊ नये. मिलिटरी रोडवर गाड्यांची तोंडे चुकवत पळण्यापेक्षा ते बरे. मुलीला धावायचे असेल तर दोघी-तिघींचा गट करावा, आणि घरातल्या भावाने पहाटेची भांडी घासायला मदत करावी. हे आम्ही गमतीने लिहीत नाही. पाणी भरणे, डबा करणे हे ज्या मुलीच्या गळ्यात आहे, तिच्या सरावाचा पहिला तास तिथेच जातो.

सुरुवात चालण्याने करावी. आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवावे, एकदम नाही. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, धावताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडले असेल, तर आधी डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा. अंगात ताप असताना कधीही धावू नये, परीक्षा असली तरी.

उन्हात धावणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला, लडखडू लागला, अंग तापले, तर तो थकला आहे असे समजू नये. हा उष्माघात असू शकतो, आणि त्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. आधी सावलीत घ्यावे, कपडे सैल करावे, मिळेल ते थंड पाणी, बर्फ अंगावर ओतत राहावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे, मदत येईपर्यंत.

लांब पल्ल्याला नुसते पाणी भराभर पिणेही घातक आहे, रक्तातले मीठ त्याने पातळ होते. घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावे, चमचा चहाचा. भरतीच्या दिवशी घरातले एक माणूस मैदानाच्या फाटकापर्यंत बरोबर जावे. त्याच्या पिशवीत हे पाणी, दोन केळी, टोपी, ओला नॅपकिन, आणि मुलाचा रक्तगट व घरचा फोन लिहिलेला कागद असावा. तसाच दुसरा कागद मुलाच्या खिशातही असू द्यावा.